कौलांवरून सातव्या मजल्यावर

"डॉक्टर, हिला बाहेर सोडू का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो. विचारणाऱ्याच्या मांडीवर बास्केट असते, बास्केटीच्या जाळीतून एक पंजा बाहेर आलेला असतो, आणि माणूस विचारतो मला पण बघत असतो त्या पंजाकडे. पुण्यात बावीस वर्षं मी जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं मी दिली ती या एका प्रश्नाला. आधी एका अंगाने चुकले, मग दुसऱ्या.

माझं आजोळ कोकणातलं. तिथे हा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मांजर पडवीत असायचं, चुलीमागे असायचं, भाताच्या कणगीवर असायचं. नसेल तेव्हा ते कुठे आहे याची चौकशी होत नसे. उंदरांपासून कणगी राखायची हे त्याचं काम आणि जेवणानंतर मासळीचे काटे ही त्याची मजुरी. नाव मनी. मी दर मे महिन्यात जायचे तेव्हा मनी असायचीच. शाळा संपली, कॉलेजात गेले, तरी मनी होती. पुढे पशुवैद्यकीय शिकताना एकदा सहज हिशेब करायला बसले आणि लक्षात आलं, की माझी ती बारा-तेरा वर्षांची मनी एक मांजर नव्हतीच. एक पांढरी होती, शेपटीच्या टोकाला काळा ठिपका असलेली. एक तिरंगी होती. एक राखाडी, जिला मी उचललं की ओचकारायची. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "गेली की दुसरी यायची गो. मनी म्हणजे मनी." सहा-सात तरी असतील. एखादीला फुरसं चावलं असेल, एखादीला बिबट्याने नेलं असेल, एखादी व्यायला म्हणून गवताच्या माचात शिरली ती उठलीच नसेल. आमच्या घरात मांजर कधी खंडलं नाही, म्हणून मांजर मरतं हे आम्हाला कळलंच नाही.

"पूर्वी मांजरं बाहेरच असायची आणि मजेत जगायची," असं कुणी म्हणालं की मला ती मनी आठवते.

दवाखाना सुरू केला तेव्हा मात्र मी हे सगळं विसरले होते. तरुण होते, मांजराला मोकळं असू द्यावं अशी ठाम समजूत होती. एका मुलीने तिच्या टिनूबद्दल विचारलं, मी बिनदिक्कत सांगितलं, "ऑपरेशन झालंय, लसी झाल्यात, सोडा की." पाच महिन्यांनी ती संध्याकाळी टिनूला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या, धाप लागलेली, आणि मी सुई टोचली तिथून रक्त थांबेना. शेजारच्या सोसायटीत उंदीर मारायच्या निळ्या वड्या टाकल्या होत्या. ब्रोमाडायोलोन नावाचं ते औषध उंदराला लगेच मारत नाही. रक्त गोठायला लागणारं 'के' जीवनसत्त्व शरीरात पुन्हापुन्हा वापरलं जातं, ती वाट ते बंद करतं. उंदीर तीन-चार दिवस सुस्त होऊन हिंडतो, आणि सुस्त उंदीर मांजराच्या हाती लागायला वेळ लागत नाही. 'के'ची इंजेक्शनं दिली, रक्त द्यायला दुसरं मांजर मिळवलं, पण रात्री दोनच्या सुमारास टिनू गेली. ती मुलगी मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर टेबलावर जे जे यायचं ते मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. बोक्यांच्या मारामारीत शेपटीच्या मुळाशी दात लागून झालेली गळवं. पावसाळ्यात उबेसाठी गाडीच्या बॉनेटमध्ये शिरलेलं आणि सकाळी गाडी सुरू झाल्यावर पट्ट्यात सापडलेलं पिल्लू. गल्लीतल्या कुत्र्यांनी घेरलेली म्हातारी मांजर. उंदरांसाठी लावलेल्या चिकट पुठ्ठ्यावर चारही पायांनी अडकलेली चार महिन्यांची पोर, जिची कातडी खाण्याच्या तेलाने चोळूनचोळून सोडवायला मला दीड तास लागला. मी उत्तर बदललं. बाहेर अजिबात नाही. काय वाटेल ते होवो, दार बंद. पुढची सहा-सात वर्षं मी हे इतक्या जोरात सांगत आले, की लोक प्रश्न विचारायचेही थांबले.

मग गुंड्या आला. कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, नवराबायको दोघंही नोकरीला, सकाळी साडेआठला कुलूप आणि संध्याकाळी साडेसातला उघडणार. चार वर्षांचा गुबगुबीत बोका, वजन साडेसात किलो. "दोन दिवस झाले, ट्रेमध्ये नुसता बसून राहतो आणि ओरडतो," एवढंच ते म्हणाले. पोटाला हात लावला तर मूत्राशय मोसंबीएवढं आणि तितकंच टणक. बोक्याचा लघवीचा मार्ग टोकाशी फार अरुंद असतो. तिथे खड्यांचा आणि शेंबडासारख्या चिकट द्रवाचा बूच बसला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. भूल देऊन बारीक कॅथेटर घालायला लागले. पुढे जाईना. सलाइनचं पाणी थोडं थोडं सोडत, मागे घेत, पुन्हा ढकलत राहिले. हाताला बारीक रेती घासल्याचं जाणवत होतं. मग एकदम सुटलं. लालसर लघवीची धार आली आणि ट्रेच्या स्टीलवर खाली उरली ती खरोखरच वाळू, बोटाने चोळली तर करकर करणारी.

गुंड्या आठ महिन्यांत तीनदा तुंबला. तिसऱ्या वेळी त्या बाई रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही त्याला कध्धी बाहेर जाऊ दिलं नाही हो." त्या खरंच बोलत होत्या. बाहेर जाऊ देऊ नका एवढंच मी सांगितलं होतं. आत त्याने दिवसभर काय करायचं हे सांगितलं नव्हतं. कोरडं खाणं भांडंभर ठेवलेलं, पाणी एका कोपऱ्यात, चढायला काही नाही, पळायचं कारण नाही. असा खड्यांचा त्रास नुसत्या घरात बसण्याने होतो असं नाही. पण कमी पाणी, लठ्ठपणा, ताण आणि कंटाळा त्याला हातभार लावतात, आणि या चारही गोष्टी मी सांगितलेल्या त्या बंद दाराआड होत्या. टिनू बाहेरच्या विषाने गेली. गुंड्या आतल्या रिकामपणाने आजारी पडला. दोन्हीकडे सल्ला माझाच होता.

त्यानंतर मी दाराबद्दल बोलण्याआधी घराबद्दल विचारायला लागले. खिडकीशी बसायला फळी आहे का. उंचावर जागा आहे का, निदान कपाटावर. ओलं खाणं देता का, पाणी तीन-चार ठिकाणी असतं का. दिवसातून दोनदा दहा मिनिटं कुणी दोरीला पीस बांधून खेळवतं का, आणि खेळ संपल्यावर खायला मिळतं का. कारण मांजराच्या डोक्यात टपून बसणं, झेप घेणं, पकडणं, खाणं आणि मग अंग चाटून झोपणं ही एकच साखळी आहे. गुंड्याचं घर आम्ही असंच बदललं. वर्षभरात तो सहा किलोच्या आत आला, आणि पुन्हा तुंबला नाही.

एक गोष्ट मात्र मी आजही चढ्या आवाजात सांगते: जाळी. "मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. चार पायांवर पडतं हे खरं आहे, सात आठवड्यांचं पिल्लूसुद्धा हवेतल्या हवेत अंग फिरवतं. पण त्या चार पायांवर पडल्यावर हनुवटी जमिनीवर आदळते, टाळू मधोमध चिरते, फुप्फुसाभोवती हवा भरते. न्यूयॉर्कमधल्या दोन डॉक्टरांनी १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे आणलेल्यांपैकी नव्वद टक्के जगली. लोक हा आकडा कौतुकाने सांगतात. पण जी जागच्या जागी मेली ती दवाखान्यात कोण आणणार? ती त्या शंभरात धरलेलीच नाहीत. आपल्याकडे कबुतरांसाठी गॅलरीला जाळी मारून घेतात, तिने नकळत किती मांजरं वाचवली असतील! फक्त नायलॉनची जाळी उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होते आणि मांजर ती दाताने कुरतडतं. गॅलरीत कबूतर येऊन बसलं आणि मांजराने झेप घेतली की त्या जाळीचा भरवसा नाही. वेल्डमेश लावा, लोखंडी. दिसायला वाईट दिसते, दिसू द्या.

माझी एक भाची इंग्लंडमध्ये असते. तिथल्या निवारा केंद्रातून मांजर आणायला गेली तेव्हा तिला विचारलं, घराला बाग आहे का, मांजराला बाहेर जाता येईल का. नाही म्हटल्यावर त्या मांजराऐवजी दुसरं, म्हातारं दाखवलं. तिची मैत्रीण ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला असते. तिथे १ जुलै २०२२ला किंवा त्यानंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या आवाराबाहेर मोकळं फिरू द्यायला कायद्याने बंदी आहे. दोघी एकमेकींशी फोनवर वाद घालतात आणि निवाड्यासाठी मला मध्ये घेतात. मी निवाडा देत नाही. इंग्लंडातलं मांजर माणसांबरोबर शतकानुशतकं राहत आलंय, ऑस्ट्रेलियात ते युरोपियनांबरोबर गेलं, आणि तिथल्या जमिनीवर राहणाऱ्या लहान प्राण्यांना त्याच्यापासून पळायचं कसं हे ठाऊकच नव्हतं. उत्तर जागेप्रमाणे बदलतं हे मला त्या दोघींच्या भांडणातून जास्त नीट कळलं.

आणि आपल्याकडेही पाखरं आहेतच. एप्रिल-मेमध्ये बुलबुलाची पिल्लं घरट्यातून उतरतात तेव्हा त्यांना धड उडता येत नाही, दोन-तीन दिवस ती झुडपांच्या बुंध्याशी उड्या मारत असतात. मुळशीकडे बंगला असलेल्या एका काकांच्या तीन मांजरी त्या दिवसांत रोज एक-दोन पिल्लं आणून पायरीवर ठेवायच्या. काका म्हणाले, "पोटभर खायला घालतो तरी!" भुकेचा संबंध नसतो. हालचाल दिसली की पंजा जातो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण २०२१ साली एक्सेटर विद्यापीठाने इंग्लंडमधल्या घरोघरच्या मांजरांवर प्रयोग केला, त्यात घंटेने फरक पडला नाही. मांस भरपूर असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने पाव हिश्श्याने. काकांनी खेळवायला सुरुवात केली, आणि ते दोन महिने मांजरींना पडवीत जाळीमागे ठेवायचं मान्य केलं. बुलबुलाने पुढच्या वर्षी जुईच्या वेलात घरटं केलं तेव्हा त्यांनी मला फोटो पाठवला. तीन अंडी होती.

एवढं सगळं गाठीशी असूनही सदाशिव पेठेतल्या एका बोक्याने मला निरुत्तर केलं.

वाडा जुना. कौलं, माळा, परसात विहीर आणि तिच्या कठड्यावर सावली टाकणारं आवळ्याचं झाड. त्यात राहणाऱ्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि त्यांचा सोन्या नऊ वर्षांचा. पिवळ्या पट्ट्यांचा, एक कान फाटलेला, ऑपरेशन न झालेला पक्का बोका. त्याची गळवं मी पाचदा फोडली होती, दोनदा टाके घातले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की आजी म्हणायच्या, "राहू दे हो, त्याचा स्वभाव आहे तो." जन्मात तो बंद दाराआड झोपला नव्हता. वाडा पुनर्विकासाला गेला. नवी इमारत उठेपर्यंत आजींना मुलाबरोबर सिंहगड रस्त्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. सातवा मजला.

मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "आई, कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं. त्याला इथेच राहू दे, शेजारचे खायला घालतील." आजी सोन्याला घेऊन माझ्याकडे आल्या. बास्केट नव्हती, जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात तो होता, फक्त डोकं बाहेर. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "इथे ठेवला तर हाल, नेला तर हाल. कमी हाल कशात, तेवढं सांगा." इतका नेमका प्रश्न मला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

मी चार दिवस मागून घेतले. दवाखाना बंद करून दोन रात्री वाड्याच्या ओट्यावर जाऊन बसले. सोन्या साडेआठला आजींच्या हातचा भात-मासा खाऊन कौलांवर चढला. मला वाटलं होतं, याची जहागीर अख्खी पेठ असणार. तसं काही नव्हतं. शेजारचा वाडा आधीच पाडलेला, तिथे पत्र्याचं कुंपण. तो कडेपर्यंत गेला, खाली बघत बसला आणि परत फिरला. मग मागच्या घराची गच्ची, तिथून विहिरीचा कठडा. कठड्यावर तो पाऊण तास होता. अकरा वाजता आजींच्या खिडकीत. दुसऱ्या रात्री तीच वाट, त्याच क्रमाने. पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून सहा देशांत केलेला एक अभ्यास २०२० साली आला होता. त्यातली बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच हिंडत होती. मी तो वाचला होता, पण ओट्यावर बसेपर्यंत त्याचा अर्थ मनात उतरला नव्हता. सोन्याचं 'बाहेर' म्हणजे चार छपरं, एक विहीर आणि एक खिडकी. आणि ते सगळंच पाडायचं होतं. आपण त्याला बाहेरून आत नेतोय असं नव्हतंच. त्याचं बाहेर उरणार नव्हतं.

मी न्यायचं म्हटलं. आजींनी मान हलवली, जणू त्यांना माहीतच होतं. रक्त तपासलं तर एफआयव्ही निघाला, बोक्यांच्या चावाचावीतून पसरणारा विषाणू. माणसाला तो होत नाही, आणि नीट सांभाळलं तर मांजर त्याच्यासह बरीच वर्षं काढतं. पण दुसऱ्या मांजरांत त्याने आता मोकळं फिरू नये हे नक्की झालं. ऑपरेशन केलं. जायच्या महिनाभर आधीपासून रात्री त्याला माजघरात ठेवायला सुरुवात केली. मातीचा ट्रे कसा वापरायचा हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं, म्हणून परसातली माती भरली, आणि दर आठवड्याला थोडी माती काढून थोडी विकतची वाळू मिसळत गेलो.

आणि खांब. माजघरातल्या एका सागवानी खांबावर सोन्या नऊ वर्षं नखं घासत आला होता. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लाकूड पिंजल्यासारखं झालं होतं, उभ्या रेघा इतक्या खोल की त्यात माझं बोट बसलं. आजींनी ठेकेदाराला सांगितलं, "बाकी सगळं न्या, तेवढा तुकडा मला कापून द्या." त्याने दिला. चार फुटांचा तुकडा लिफ्टमधून वर गेला आणि गॅलरीत वेल्डमेशच्या आत तारेने बांधून उभा केला.

पहिले तीन आठवडे भयंकर गेले. सोन्या रात्री बाराला सुरू करायचा आणि पहाटेपर्यंत ओरडायचा. लांब, खालून वर चढत जाणारा आवाज. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मी थोड्या मात्रेत शांत करणारं औषध दिलं, त्याने दोन रात्री बरं वाटलं. आजी त्याच्याजवळ गोधडी घेऊन गॅलरीत बसून राहायच्या. एकदा पहाटे तीनला त्यांनी फोन लावला आणि काही न बोलता तो आवाज मला नुसता ऐकवला. मला घाम फुटला. मी म्हटलं, "आजी, परत सोडू या का त्याला वाड्यात?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "कुठे सोडणार? काल कौलं उतरवली."

पाचव्या आठवड्यात तो खांबाला नखं घासताना दिसला. आजींनी ती बातमी दवाखान्यात येऊन सांगितली, फोनवर नाही. त्याआधी तो खांबाजवळून नुसता वास घेऊन जायचा.

सोन्या सुखी आहे का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वजन वाढलंय, अंगावर नवं गळू नाही, मारामारीच्या जखमा भरून तिथे केस आलेत. तरी दार उघडलं की तो आजही उंबऱ्यापर्यंत येतो. आजींनी त्याला पट्टा बांधायचा प्रयत्न केला, त्याने स्वतःला जमिनीवर लोळवून घेतलं. मग त्यांनी आपला मार्ग काढला. रात्री दहानंतर, सोसायटीतली वर्दळ थांबली की, त्या मुलाला खालच्या जिन्याचं दार लावून यायला सांगतात, गच्चीचं कुलूप बघतात, आणि सोन्यासाठी फ्लॅटचं दार उघडतात. स्वतः सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसतात. गुडघे दुखतात म्हणून खाली उशी घेतलेली असते.

मागच्या आठवड्यात रेबीजच्या लसीसाठी गेले तेव्हा मुद्दाम दहापर्यंत थांबले. लस मी घराबाहेर न जाणाऱ्या मांजरांनाही देते, कारण दार कधी ना कधी उघडं राहतंच. सोन्या उंबऱ्यावर थोडा वेळ उभा राहिला, मिशा पुढे आलेल्या. मग भिंतीच्या कडेकडेने जिना उतरला, सहाव्या मजल्यावरच्या बूट ठेवायच्या मांडणीचा वास घेतला, पाचव्याच्या जिन्यातल्या खिडकीवर उडी मारून गजांमधून खाली रस्त्याकडे बघत बसला. आजींनी घड्याळ पाहिलं नाही की हाक मारली नाही. वीसेक मिनिटांनी पायऱ्यांवर नखांचा बारीक आवाज आला. तो वर आला, आमच्या दोघींच्या मधून गेला आणि आत खांबाकडे वळला.

"आला फिरून," आजी म्हणाल्या, आणि कठड्याला धरून उठल्या.